पातेल्याला वाकळ, जाळाला सुट्टी

वार्षिक सभेच्या दिवशी सभासद कारखाना बघायला आत येतात, तेव्हा गव्हाणीपाशी आणि साखरेच्या पोत्यांपाशी गर्दी होते. बॉयलरकडून निघणाऱ्या वाफेच्या नळांकडे मात्र फारसे कोणी बघत नाही. या नळांना बाहेरून जाड कापसासारखे वेष्टण असते, त्यावर पत्रा गुंडाळलेला असतो. कामगार त्याला लॅगिंग म्हणतात. आतून शेकडो अंश तापलेली वाफ जाते आणि बाहेर हात लावला तर जेमतेम कोमट लागते. एखाद्या ठिकाणी हे लॅगिंग सुटले तर इंजिनीअर साहेबांची धावपळ उडते. कारण उघड्या नळातून जाणारी उष्णता म्हणजे फुकट जळालेला बगॅस. तो बगॅस वाचवायचा, त्यावर वीज करायची, हा हिशोब आता आपल्या प्रत्येक सभासदाला पाठ आहे.

पण हाच सभासद घरी गेल्यावर काय दिसते? हुलग्याचे पातेले तासन्‌ तास उघड्या अंगाने चुलीवर रटरटत असते, खाली जाळ चालू असतो, आणि जाळ सारण्यासाठी घरातली बाई तिथे बांधलेली असते. नळाला आपण वेष्टण घातले, पातेल्याला कोण घालणार? या अंकात आम्ही ऊस सोडून चुलीपाशी बसणार आहोत ते एवढ्यासाठी.

गोष्ट साधी आहे. एकदा आमटीला उकळी फुटली की तिचे तापमान त्यापुढे वाढत नाही. आपल्या पठारी मुलखात पाणी शंभराच्या थोडे खालीच उकळते. मग खाली कितीही लाकडे घाला, डाळ शंभराच्या वर जात नाही. उकळीनंतर आपण जो जाळ घालतो तो दोन कामांत खर्ची पडतो. एक, पातेल्याच्या अंगातून जी उष्णता सुटते ती भरून काढणे. दोन, पाण्याची वाफ करून ती आढ्याला पोचवणे. आणि हे दुसरे काम फार महागाचे आहे. एक लिटर गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सात पट तेवढेच पाणी वाफ करून उडवायला लागते. कारखान्यात रस आटवताना एका भांड्याची वाफ आपण पुढच्या भांड्याला वापरतो, तिथून तिसऱ्याला, चौथ्याला. घरात ती झाकणाच्या कडेने जाते आणि बाईच्या डोळ्यांत चुलीचा धूर राहतो.

शिजायला मात्र खळखळ लागत नाही. तांदळातले, डाळीतले पीठूळ द्रव्य सत्तरच्या आसपास फुगायला लागते, आणि ऐंशी-नव्वदवर डाळ, भात, बटाटा निवांत शिजतो. फक्त वेळ जास्त लागतो. तेव्हा एकदा खणखणीत उकळी आणायची आणि मग ती उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढे साधले की पुढचे अन्न आपले आपण शिजते. जाळ नको, राखण नको.

हे काही आम्ही शोधून काढलेले नाही. १८६७ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात नॉर्वेची अशी एक पेटी मांडली होती. आत जाड अस्तर, मध्ये भांडे. पुढे दोन्ही महायुद्धांत सरपणाची आणि कोळशाची टंचाई झाली तेव्हा युरोपातल्या घरांतून गवत भरलेली खोकी वापरात आली. तिकडच्या बायका सकाळी पातेले गवतात पुरून कारखान्यात कामाला जात.

आणि आपल्याकडे? आपल्या आज्या-पणज्या तर यात पारंगत होत्या. मागच्या वैलावर ठेवलेली आमटी, शेणीच्या विस्तवावर दिवसभर लालसर होत गेलेले दूध, गुऱ्हाळावर चुलवाणाच्या गरम राखेत पुरलेली रताळी, विरजण लावून वाकळीत गुंडाळलेले दह्याचे भांडे हे सगळे त्यातलेच. गॅस आला, कुकर आला आणि आपण वैल विसरलो. गॅसला मागचा वैल नसतो.

आता विजेवर चालणारे मंद शिजवायचे भांडे निघाले आहे. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या काही सभासदांच्या घरी ते आम्ही बघितले. जाड चिनी मातीचे भांडे, त्याभोवती विजेची तार, सकाळी भरून ठेवायचे आणि संध्याकाळी वाढायचे. त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. आयर्विंग नॅक्सन नावाच्या ज्यू गृहस्थाने ते बनवले. लिथुएनियातल्या त्यांच्या पूर्वजांकडे शनिवारी विस्तव पेटवायचा नाही असा धर्माचा दंडक. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी घरोघरची घेवड्याची आणि मांसाची भांडी गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवायची. भट्टी विझलेली, पण विटा तापलेल्या. दुसऱ्या दिवशी शिजलेले अन्न घरी आणायचे. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली ही हकीकत नॅक्सनच्या डोक्यात राहिली. १९४० साली त्याला पेटंट मिळाले, पुढे १९७० साली दुसऱ्या एका कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ साली हे भांडे 'क्रॉक पॉट' नावाने बाजारात आणले. त्याच सुमारास तिकडच्या बायका मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या, त्यामुळे ते हातोहात खपले.

इथे आम्हाला थोडे बोलावेसे वाटते. बाई घराबाहेर कामाला जाते हे आपल्या भागात नवीन आहे का? लागणीपासून भांगलणीपर्यंत ऊस बायकांच्याच हातून वाढतो. पण तिच्यासाठी कोणी भांडे काढले नाही. ती पहाटे चारला उठते, भाकऱ्या थापते, कालवण करते, आठला शेतात जाते आणि दुपारी परत चुलीपुढे बसते. शेतातल्या पंपाचे घोडे किती बदलायचे, ठिबकची नळी किती मिलिमीटरची घ्यायची, यावर आपण गट ऑफिसात तास तास बोलतो. चुलीवर कधी बोललो?

तर विजेच्या भांड्याबद्दल आमचे मत असे. ते वाईट नाही. साधारण दोनशे वॅटचे भांडे आठ तास चालले तर दीड-पावणेदोन युनिट वीज जाते. पण आपल्याकडे वीज मध्येच गेली तर आतले अन्न धड गरम नाही, धड गार नाही असे तासन्‌ तास पडून राहते, आणि तेच पोटाला वाईट. शिवाय राजम्यासारखे दाणे त्यात कच्चे घालून चालत नाही, त्याचे कारण पुढे येईलच. ज्यांच्याकडे वीज भरवशाची आहे त्यांनी खुशाल वापरावे. बाकीच्यांसाठी पेंढ्याची पेटी बरी. तिला ना बिल, ना दुरुस्ती.

पेटी कशी करायची ते गेल्या वर्षी गट ऑफिसातल्या महिला बैठकीत आम्ही करून दाखवले होते. त्या दिवशीच्या शंकांसकट इथे देतो.

एक जुने लाकडी खोके घ्यावे, नाहीतर बांबूची खोल पाटी, नाहीतर पत्र्याचा मोठा डबा. आपले नेहमीचे पातेले आत ठेवल्यावर खाली, वर आणि चारी बाजूंनी निदान चार-पाच बोटे जागा उरली पाहिजे. या जागेत वाळलेले पाचट बारीक करून दाबून भरावे. भाताचा पेंढा असेल तर आणखी चांगला. तूस, लाकडाचा भुसा, कापूस, जुन्या लोकरीचे तुकडेही चालतात. पाचट सुटे राहिले तर सगळीकडे पसरते आणि कालवणात येते, म्हणून ते गोणपाटाच्या पिशवीत भरून तळाला एक गादी करावी, बाजूंनी घेर करावा आणि मधे पातेल्याच्या मापाचा खळगा ठेवावा. वर झाकायला तशीच एक जाड उशी शिवावी. खोक्याच्या आत जुने वर्तमानपत्र चिकटवले तर फटींतून वारा जात नाही. उष्णता धरून ठेवते ती पाचटात अडकलेली हवा. म्हणून पाचट ओले नको आणि ठेचून दगड केलेलेही नको.

पाचटाबद्दल एक सांगून ठेवतो, नाहीतर आमचे शेती अधिकारी रागावतील. एका पेटीला एखादी मोळी पाचट पुरे. बाकीचे सरीतच राहू द्यावे, जाळू नये.

आता रांधण्याची रीत. डाळ, कडधान्य रात्री भिजत घालावे. सकाळी पातेले किमान पाऊण भरेल इतके शिजवायला लावावे, कारण अर्धे रिकामे पातेले लवकर निवते. वाटीभर आमटीसाठी पेटी नाही, चार-सहा माणसांच्या कुटुंबासाठी आहे. पाणी नेहमीपेक्षा पाव हिस्सा कमी घालावे, कारण इथे वाफ उडत नाही. घट्ट बसणारे झाकण लावूनच उकळी आणावी म्हणजे झाकणही तापते. सांगितलेला वेळ खळखळून उकळले की झाकण न उघडता पातेले उचलून थेट पेटीत ठेवायचे, वर उशी आणि उशीवर वाकळ. मध्ये उघडून बघायचे नाही. आमच्या बैठकीत दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी उशी उचलत होते, तेव्हा हे मुद्दाम लिहितो. एकदा उघडले की आतली वाफ गेली, आणि ती पुन्हा येत नाही.

किती वेळ? भात पाच मिनिटे उकळून ठेवला की तास-दीड तासात मोकळा होतो, आणि करपत तर कधीच नाही. भिजवलेली तूरडाळ दहा-पंधरा मिनिटे उकळावी, पेटीत दोन-अडीच तास. मोड आलेली मटकी किंवा मूग दहा मिनिटे आणि पुढे दीड-दोन तास. ज्वारीच्या कण्यांना दहा मिनिटे जाळ आणि दोन तास पेटी, आणि या कण्या ताकाबरोबर खाऊन बघाव्यात, फार मऊ होतात. हरभरा आणि हुलगे मात्र हट्टी. त्यांना रात्रभर भिजवून अर्धा तास उकळायचे, मग चार तास पेटी, आणि तरी दाणा कडक लागला तर पुन्हा एक उकळी. जुना हरभरा असेल तर पेटीला दोष देऊ नये.

चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घालू नये. आंबटाने डाळ शिजायची थांबते. ते आणि गूळ शेवटी, फोडणीच्या वेळी. फोडणीला कढईखाली जाळ लागणारच, तिथे पेटीचा उपयोग नाही. बैठकीत एका आजींनी विचारले, "आणि भाकरी? ती बी गवतात घालायची व्हय?" सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा आहे. भाकरीला तवा पाहिजे आणि तव्याखाली जाळ पाहिजे. पेटी चूल बंद करणार नाही. फक्त एक होते. ज्या जाळावर भाकऱ्या भाजायच्या त्याच जाळावर आधी कालवणाला उकळी आणायची, भाकऱ्या होईपर्यंत ते पेटीत शिजू लागते, आणि भाकऱ्या झाल्या की चूल विझते. पूर्वी त्यानंतर तासभर ती कालवणासाठी चालायची. तो तास वाचला.

"पण प्रेशर कुकर हाय की," असेही एक सूनबाई म्हणाल्या. बरोबर आहे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी एकशेवीसच्या आसपास तापते आणि डाळ वीस मिनिटांत गळते. घाईच्या वेळी कुकरच. पण कुकरपाशी शिट्ट्या मोजत कोणीतरी थांबावे लागते, आणि सकाळी सातला लावलेल्या कुकरची आमटी दुपारी एकला गार असते, मग पुन्हा गॅस. पेटीतले पातेले भरलेले असेल तर चार तासांनीही हाताने धरवत नाही. शेतातून येऊन हातपाय धुतले की ताटात वाफाळते अन्न.

दुसरा मोठा उपयोग रात्रीच्या पाळीचा. पंपाची लाईट रात्रीची आली की उसाला पाणी धरायला गेलेला माणूस दोन-तीनला घरी येतो. त्याच्यासाठी त्या वेळी उठून चूल पेटवणारी बाई आम्ही जवळून बघितली आहे. नवाच्या सुमारास उकळी आणून ठेवलेल्या हुलग्याच्या कढणाला रात्री एकलाही वाफ असते. त्याने स्वतःच उशी काढावी आणि वाढून घ्यावे, एवढे त्याला जमेल.

सणासुदीला खपली गव्हाची खीर करून बघा. आपल्या भागात खपली अजून टिकून आहे, आणि तिची खीर म्हणजे मंद शिजण्याचीच परीक्षा. सडलेली खपली रात्रभर भिजवावी, सकाळी अर्धा तास उकळावी आणि पेटीत घालून विसरून जावे. चार-पाच तासांनी दाणा फुललेला असतो पण फुटलेला नसतो. मग पुन्हा चुलीवर घेऊन गूळ, नारळाचे दूध, सुंठ, वेलची. गूळ आधी घालण्याची घाई केली तर दाणा आकसून बसतो आणि मग दिवसभर शिजवला तरी मऊ होत नाही. गूळ आपला असला तरी त्याचा हा स्वभाव ओळखून राहावे.

आता सावधगिरीच्या गोष्टी, आणि या कोणी हसण्यावारी नेऊ नयेत. अन्न साठ अंशांच्या खाली आले आणि कोमट राहिले की त्यात जंतू वाढतात. म्हणून पेटी ही अन्न साठवायची जागा नाही. चार-पाच तासांत काढावे, आणि पातेले हाताने सहज धरवेल इतके निवले असेल तर खाण्याआधी पुन्हा खळखळून उकळावे. त्यापुढे रात्रभर राहिले तर ते अन्न टाकून द्यावे. मटण पेटीत छान शिजते, पण आधी पुरे अर्धा तास उकळलेले पाहिजे, आणि काढल्यावर पुन्हा एकदा उकळी आणूनच वाढावे. राजमा आणि त्या जातीच्या मोठ्या घेवड्याच्या दाण्यांत एक विषारी द्रव्य असते. मंद आचेवर ते जात नाही, खळखळत्या उकळीनेच जाते. असे दाणे भिजवून, ते पाणी ओतून, नव्या पाण्यात अर्धा तास जोरात उकळावेत आणि मगच पेटीत घालावेत. विजेच्या मंद भांड्यात कच्चे राजमे घालून लोक आजारी पडतात ते यामुळेच.

दुसरी भीती आगीची. वाळले पाचट म्हणजे काय हे उसाच्या शेतकऱ्याला सांगायला नको. पेटी चुलीपासून लांब, भिंतीकडेला ठेवावी. पातेले पेटीत घालण्याआधी त्याचे बूड ओल्या फडक्याने पुसावे. बुडाला चिकटलेला एक निखारा पुरतो. आणि महिन्या-दोन महिन्यांनी पिशव्या उन्हात घालाव्यात, कुबट वास आला तर पाचट बदलावे, नाहीतर उंदीर संसार थाटतात.

पाचटाचा दुसरा एक उपयोग याच विषयात झाला तोही सांगायला हवा. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडल्या, आणि त्या कामाला २००२ साली इंग्लंडचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. त्यांनीच 'सराई' नावाचा कुकर काढला. खाली शेगडी, तिच्यात सुमारे शंभर ग्रॅम कांडीकोळसा, वर एकावर एक डबे आणि बाहेरून मोठे झाकण. तासाभरात पाच माणसांचे वरण, भात, भाजी वाफेवर तयार होत असे आणि मधे कोणाला बघावे लागत नसे. बंगालच्या इंदुमाधव मलिकांनी १९१० साली काढलेल्या इकमिक कुकरचीही जात हीच. कोळशाचे असे काहीही वापरताना खोलीची दारे-खिडक्या उघडी असली पाहिजेत. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि झोपलेल्या माणसाला उठू देत नाही.

तोडणीला येणाऱ्या टोळ्यांचा विचार आमच्या मनात या निमित्ताने आला. त्यांच्या बायका आपल्याकडच्या बायकांहूनही आधी, तीन वाजता उठून कोपीबाहेर दगडांच्या चुलीवर रांधतात, आणि दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर पुन्हा तेच. फडात पाचट पडलेलेच असते. सभासदांनी आपल्या फडावरच्या टोळीला दोन जुनी गोणपाटे आणि एक मोडकी पाटी दिली, आणि घरातल्या बाईने ती कशी भरायची हे एकदा दाखवले, तर खर्च काही नाही. फक्त पाचटाच्या कोपीत आगीची भीती दुप्पट, ते आधी बजावून सांगावे, आणि पेटी चुलीच्या वाऱ्याच्या दिशेला ठेवू नये.

घरातल्या पुरुषमंडळींना एक विनंती. पेटीमुळे बाईचा रोज तासभर वाचला तर तो तिचाच राहू द्यावा. "आता मोकळीच हाईस तर ती चार वाफ्यांची भांगलण उरकून घे," असे कानावर आले तर आम्ही पेटीचा लेख लिहून तिचे नुकसानच केले असे होईल. तिला त्या तासात झोपायचे असेल तर झोपू दे.

पेटीचा नमुना गट ऑफिसात ठेवलेला आहे. तो बघावा, हाताळावा, पण उशी उचलायच्या आधी आत काही शिजत नाही ना हे शिपायाला विचारून घ्यावे. तोही हल्ली दुपारचा डबा त्यातच ठेवतो.